आजोबांचा आवाज फितीत आहे, चाली माणसांत आहेत

प्रश्न : आमचे आजोबा गेल्या कार्तिक वद्य पंचमीला गेले. सोळाव्या वर्षापासून ते माउलींच्या पालखीबरोबर पायी वारी करत. गावच्या भजनी मंडळात पेटी त्यांच्याकडे असायची आणि नव्या पोरांना चाली तेच सांगायचे. मागे राहिलंय ते एवढं : चाळीसेक कॅसेटी, अभंगांच्या तीन वह्या, पेटी, टाळांचा जोड आणि ८१ वर्षांची आजी. आषाढी नुकतीच झाली, म्हणजे वर्षश्राद्धाला चार महिने उरलेत. काका म्हणतात स्मरणिका छापू. बाबा म्हणतात पेटी दुरुस्त करून मंदिराला देऊ. मला आजोबांचा आवाज हवाय. मी शहरात नोकरी करते. मला गाता येत नाही, अभंग पाठ नाहीत आणि आजोबांसारखी श्रद्धाही माझ्यात नाही. सुरुवात कुठून करू? आणि हे सगळं करायचा मला अधिकार आहे का?
– एक नात, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, दोन कामं याच आठवड्यात करा. बाबांना फोन करून सांगा की पेटी अजून दुरुस्तीला नेऊ नका. का ते पुढे सांगतो. आणि येत्या शनिवारी गावी जाऊन आजीजवळ बसा.

कॅसेटी इतकी वर्षं कपाटात राहिल्या, आणखी चार महिने राहतील. कोरड्या जागेत असल्या तर तेवढ्यात त्यांचं काही बिघडत नाही. आजीच्या आणि आजोबांच्या बरोबरीच्या टाळकऱ्यांच्या आठवणींचं तसं नाही. शिवाय कॅसेटीत कोण गातंय, वहीतल्या ‘चाल – वरीलप्रमाणे’ म्हणजे नक्की कशाप्रमाणे, हे सांगणारी माणसं तीच आहेत. म्हणून आधी माणसं, मग फिती, मग वह्या, आणि वस्तू सगळ्यात शेवटी. घरोघरी नेमकं उलटं होतं. वस्तूंची वाटणी आधी होते, आणि माणसांना विचारायचं राहून जातं.

आजीला ‘आजोबा कसे होते?’ असं विचारू नका. ‘देवमाणूस होते’ एवढंच उत्तर येईल आणि बोलणं तिथंच थांबेल. प्रश्न कामाचा विचारा. काकड्याला जायचे तेव्हा किती वाजता उठायचे? अंघोळीचं पाणी कोण तापवायचं? एकादशीला त्यांच्यासाठी काय करायचीस, आणि तू स्वतः काय खायचीस? पेटी घरात आली तेव्हा पैसे कुठून आले? भजनाहून रात्री किती वाजता परत यायचे आणि दार कोण उघडायचं?

एक प्रश्न मात्र चुकवू नका. आजोबा दर वर्षी ज्येष्ठ वद्यात आळंदीला जायचे ते आषाढीनंतरच घरी यायचे. पेरणीचे दिवस तेच. मग पेरणीची नेमकी वेळ, म्हणजे घात, कोण साधायचं, बैल कोण धरायचं, बी-भरणाला पैसे कोण उभे करायचं? वारीची गोष्ट नेहमी वाटेवरून सांगितली जाते. उंबऱ्यावरून ती कशी दिसायची हे तुमच्या आजीखेरीज कुणालाच ठाऊक नाही. तिच्या बोलण्यात अभिमान येईल तसा रागही येईल. दोन्ही येऊ द्या, दोन्ही ठेवा. राग गाळून काढलेली आठवण दोन पिढ्यांनी कुणाला खरी वाटत नाही.

रेकॉर्डिंगला तुमचा फोन पुरेसा आहे. तो फ्लाइट मोडवर टाका आणि आजीच्या तोंडापासून वीत-दीड वीत अंतरावर, दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा. नुसत्या लाकडी पाटावर किंवा स्टुलावर ठेवला तर प्रत्येक हालचालीचा ठोका आत येतो. पंखा बंद करा. फ्रिज त्याच खोलीत असेल तर तेवढ्यापुरता तोही बंद करा, पण परत चालू करायची चिठ्ठी दारावर लावा. पंख्याची घरघर नंतर काढता येते असं सांगतात, पण ती काढताना म्हाताऱ्या माणसाच्या आवाजातले बारीक कंपही जातात. एका बैठकीला ४० मिनिटं पुष्कळ झाली. सुरुवातीलाच तारीख, ठिकाण आणि कोण बोलतंय हे स्वतःच्या तोंडाने सांगा. ती थांबली तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, दहा आकडे मनात मोजा. खरी गोष्ट बहुतेक वेळा त्या थांबण्यानंतर येते. सालं चुकली तरी टोकू नका, नंतर लग्न, बाळंतपण, दुष्काळ यांच्याशी पडताळून लावता येतात. हाताला काहीतरी द्या : जुना फोटो, टाळ, वही. नुसत्या प्रश्नाला न आठवलेलं टाळ हातात घेतल्यावर आठवतं.

फोटोतली माणसं त्याच बैठकीत ओळखून घ्या. फोटोवर पातळ कागद ठेवून डोक्यांच्या गोलांची रेघ काढा, प्रत्येकाला आकडा द्या आणि नावं वेगळ्या कागदावर लिहा. फोटोच्या पाठीवर लिहायचंच तर मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई शेजारच्या फोटोला लागते.

मंडळातल्या माणसांसाठी सध्याचे दिवस फार चांगले आहेत. पंढरपुराहून काला करून मंडळी परतलेली आहेत, चातुर्मास चालू आहे, म्हणजे देवळात भजनाच्या बैठका होत असणार. तिथे जाऊन बसा. आजोबांबरोबर टाळ धरलेले, पखवाजावर बसलेले जे कोणी असतील त्यांना तीन गोष्टी विचारा. ते कुठल्या पट्टीत गायचे, म्हणजे पेटीवरचा कोणता सूर ‘सा’ धरायचे – काळी एक, काळी दोन, की आणखी कुठे? कोणत्या अभंगाची चाल ‘त्यांची’ म्हणून ओळखली जाते? आणि ती त्यांना कुणाकडून मिळाली? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक दिंडीत सापडेल. दिंडीचा क्रमांक, आणि ती पालखीच्या रथापुढची की रथामागची, हे विचारून घ्या. त्या क्रमांकावर आजोबांचे परगावचे सोबती सापडतात, आणि घरच्यांना ठाऊक नसलेलं बरंच काही त्यांना ठाऊक असतं. पालखीच्या तळावर रात्री आजोबा काय गायचे हे घरी कुणी ऐकलेलंच नसतं.

आता कॅसेटी. सगळ्या साठ मिनिटांच्या धरल्या तरी ४० तास होतात, निम्म्या नव्वदच्या निघाल्या तर ५०. याला घाईचा मार्ग नाही, जेवढा वेळ फीत वाजते तेवढा वेळ लागतोच. म्हणून आधी वर्गवारी करा. हाताने लिहिलेली लेबलं एका बाजूला, छापील दुसऱ्या बाजूला. विकतच्या कॅसेटी सोडून द्या, पण प्रत्येक छापील कॅसेटीचं एक मिनिट ऐकूनच. कोरी कॅसेट हाताशी नसली की विकतच्याच कॅसेटीवर भजन भरलेलं असतं.

प्रत्येक कॅसेटीच्या मागच्या कडेला, कोपऱ्यांत, दोन प्लास्टिकच्या चिपा असतात. त्या आधी मोडून टाका. म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी आजोबांच्या आवाजावर काही भरलं जाणार नाही. मग खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे बघा. कडेवर पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. ती कॅसेट वाजवू नका, बुरशी यंत्रात उतरते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटीला लागते. उन्हातही ठेवू नका, उष्णतेने फीत आणि डबी दोन्ही वाकतात. सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद पिशवीत वेगळी ठेवा आणि ते काम जाणत्या माणसाकडे द्या.

वाजवण्यासाठी बाजारातलं कॅसेटी संगणकात उतरवायचं स्वस्त, हलकं यंत्र घेऊ नका. त्याची मोटर डुगडुगते, पेटीचा लांब सूर त्यात थरथरतो आणि तो थरथराट नंतर निघत नाही. कुणाच्या घरी चांगला जुना कॅसेट डेक असेल तो मागा, रबरी पट्टे बदलून घ्या आणि पहिल्यांदा फेकायची कॅसेट लावून बघा. कॅसेट वाजवायचं हेड आणि त्याच्या शेजारची धातूची दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसा. दर चार-पाच कॅसेटींनंतर पुन्हा पुसा, जुन्या फितीची तपकिरी पूड तिथे साचते. रबरी चाकाला मात्र अल्कोहोल लावू नका, रबर कडक पडतं. त्याला ओलसर फडकं पुरतं.

प्रत्येक कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली फीत त्याने मोकळी होते. नव्वदची फीत साठच्या फितीपेक्षा पातळ असते आणि १२० ची त्याहून पातळ, तिला जपून. फिरताना करकरली किंवा अडली तर जबरदस्ती करू नका. आवाज एकदम दबून, मधूनच बुडून येत असेल तर फितीमागचा नमद्याचा छोटा तुकडा गळून पडलाय का बघा. स्क्रूची डबी असेल तर दोन्ही चकत्या उचलून दुसऱ्या चांगल्या डबीत बसवता येतात. पाच स्क्रूंचं काम आहे, फक्त फीत कुठल्या रुळावरून जाते त्याचा फोटो डबी उघडल्याबरोबर काढून ठेवा.

आवाज स्पष्ट पण बोदा, कांबळ्यातून आल्यासारखा वाटला तर दोष बहुधा हेडच्या कोनाचा असतो. ज्या टेपरेकॉर्डरवर भजन भरलं त्याचं हेड एका कोनात होतं, तुमच्या डेकचं दुसऱ्या. हेडच्या बाजूला बारीक स्प्रिंगचा स्क्रू असतो, तो अगदी पाव-पाव फेरा हलवत ऐकायचं. कान टाळांवर ठेवा. टाळांची किणकिण जिथे सगळ्यात लख्ख येते तो बरोबर कोन. भजनाच्या फितींसाठी याहून चांगलं माप नाही. हे काम सरावाच्या माणसाकडून करून घेतलं तर उत्तम. कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली असेल तर कोन पुन्हा लावावा लागतो.

डेकच्या लाइन-आउटमधून संगणकाला जोडायच्या छोट्या ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज संगणकात उतरवणारी डबी) वायर घाला. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल, स्टिरिओ. तासाला साधारण १ जीबी, म्हणजे सगळं मिळून ५० जीबीच्या आसपास. कॅसेट मोनो असली तरी स्टिरिओच भरा, कारण फितीची एक कड खराब असली तर दुसरी वाचते. सगळ्यात मोठ्या गजराला पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ‘जय जय रामकृष्णहरी’ हळू सुरू होतं आणि पाच मिनिटांत टाळ-पखवाज टिपेला पोहोचतात. सुरुवात ऐकून पातळी लावली तर गजर फाटलेला मिळतो. आधी गजर शोधा, त्यावर पातळी लावा, मग मागे जाऊन भरा.

आता पेटी दुरुस्तीला का नेऊ नका, ते. जुनी भजनं बहुतेक बॅटरीच्या टेपरेकॉर्डरवर भरलेली असतात. सेल उतरू लागले की भरताना फीत हळू फिरते, आणि तीच फीत आज नेहमीच्या वेगाने वाजवली की आवाज जलद, बारीक, चढा येतो. नातवंडांना वाटतं आजोबांचा आवाज तरुणपणी असाच होता. तो तसा नव्हता. हे ओळखायचं साधन तुमच्याच घरात आहे. फितीत वाजतेय ती पेटी तुमच्याकडे आहे, आणि तिचे सूर पितळेच्या पट्ट्यांत कापलेले आहेत. म्हणून दुरुस्तीआधी पेटीचा प्रत्येक सूर, डावीकडून उजवीकडे, पाच-पाच सेकंद धरून फोनवर भरून घ्या. भाता एकसारखा चालवा. न वाजणारा सूर आला तर ‘हा वाजत नाही’ असं बोलून पुढे जा.

मग सूर मोजणारं फोनवरचं ॲप फितीपुढे धरा. समजा पेटीची काळी एक २७७ हर्ट्झ आहे, तिच्या उजवीकडची पांढरी दोन २९४, आणि फितीतला षड्ज, म्हणजे ‘सा’, दाखवतोय २८६. पेटीला असा मधला सूर नसतोच. म्हणजे वेग चुकलेला आहे. आजोबा काळी एकमध्ये गायचे असं मंडळींनी सांगितलं असेल, तर फीत सुमारे ३ टक्के जलद आहे. तेवढा वेग कमी करा. वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय घ्यायचा, नुसती पट्टी उतरवणारा नाही. फरक बरोबर एका सुराचा, म्हणजे ६ टक्क्यांच्या जवळपास निघाला तर मात्र थांबा. त्या दिवशी ते खरोखरच पांढरी दोनमध्ये गायले असतील. मग माणसांच्या आवाजाकडे कान द्या आणि त्या बैठकीत असलेल्या कुणाला तरी ऐकवा. मूळ फाइलला हात लावायचा नाही, दुरुस्ती नेहमी तिच्या प्रतीवर. आणि कॅसेटीच्या शेवटाकडे पट्टी हळूहळू चढत जात असेल तर सेल संपत आले होते असं समजा.

पेटी सुरात लावताना कारागीर सुराचं पितळ खरवडतो. टोकाकडून खरवडलं की सूर चढतो, मुळाकडून खरवडलं की उतरतो. गेलेलं पितळ परत येत नाही, आणि त्याबरोबर हे माप जातं. नमुने भरून झाले की पेटी खुशाल दुरुस्त करा.

ती मंदिराला द्यावी का? तुमच्या बाबांचं बरोबर आहे असं आम्हाला वाटतं. पेटी वाजती राहिली तरच चांगली राहते. काचेच्या कपाटात ठेवलेल्या पेटीचा भाता सुकून तडकतो, उंदीर आत घर करतात, सुरांत धूळ बसून आधी खरखर आणि मग मुकेपणा येतो. फक्त देताना नुसतं ‘मंदिराला’ देऊ नका. कोणी वाजवायची, कोणी झाकून ठेवायची, दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, हे मंडळातल्या एका माणसाच्या नावानिशी ठरवा. टाळ मात्र घरात ठेवा. चिंच लावून लखलखीत करू नका, आजोबांच्या बोटांनी झिजलेली जागा तशीच राहू दे. दोरी कुजली असेल तर नवी घाला आणि जुनी एका पाकिटात ठेवा.

भरताना शेजारी वही घेऊन बसा आणि मिनिट-सेकंदासह लिहीत जा : कुठला अभंग, कोण म्हणतंय, चाल कोणती, मध्ये कुणी काय बोललं. अभंग पाठ नाहीत म्हणून घाबरू नका. शेवटच्या चरणातली नाममुद्रा ऐका. ‘तुका म्हणे’ सोपं आहे. ‘एका जनार्दनी’ म्हणजे एकनाथ, ‘बापरखुमादेवीवरू’ म्हणजे ज्ञानेश्वर, ‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’, ‘चोखा म्हणे’, ‘निळा म्हणे’ उघडच आहेत. मग गाथेच्या सूचीत शोधा, आणि इथे नवखी माणसं हमखास अडकतात. सूची अभंगाच्या पहिल्या ओळीवर लावलेली असते, पण भजनात घोळून घोळून म्हटलं जातं ते ध्रुपद, म्हणजे पालुपद, आणि गाथेत ते बरेचदा दुसऱ्या कडव्याला असतं. तुकोबांच्या ‘सुंदर ते ध्यान’ या अभंगात ‘ध्रु.’ ही खूण ‘तुळसीहार गळां’ या कडव्यापुढे सापडते. कानावर सगळ्यात जास्त पडलेली ओळ सूचीत नसली तर कॅसेट मागे नेऊन पहिली ओळ ऐका.

वह्यांच्या बाबतीत एकच कळकळीची विनंती, त्या शुद्ध करू नका. ‘सुंदर ते ध्यान’मध्येच कुणी ‘आवडे निरंतर तेंचि रूप’ म्हणतं, कुणी ‘हेंचि ध्यान’. आजोबांनी जे लिहिलं ते त्यांच्या गावात, त्यांच्या दिंडीत म्हटलं जाणारं रूप असू शकतं. छापील गाथेप्रमाणे सुधारलंत तर उरेल ती फक्त गाथा, आणि ती दुकानात मिळते. वहीत खरी किंमत समासाची आहे : ‘चाल –’, ‘पट्टी –’, कुणाच्या तरी नावाचं अक्षर, काकड्याला म्हणायच्या अभंगावर केलेली खूण. मोबाईलच्या स्कॅनर ॲपमधला काळा-पांढरा ‘उजळ’ पर्याय नेमक्या याच पेन्सिलीच्या खुणा खातो. रंगीत फोटो काढा, दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड घेऊन, फोन पानाला अगदी समांतर धरून. कोरी पानंसुद्धा घ्या, मलपृष्ठही, आणि मध्ये ठेवलेलं तिकीट किंवा पावती असेल तर ती जिथे होती त्या पानासकट. लॅमिनेशन नको, सेलोटेपही नको. दोन्ही कागदाला कायमचे चिकटतात आणि काही वर्षांनी पिवळे पडतात. धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. खळीवर कसर येते.

फाइलींची नावं अंदाजाने ठेवू नका. साल, ठिकाण, प्रसंग, कॅसेटीचा क्रमांक, बाजू हा क्रम ठेवा, आणि साल माहीत नसेल तर ‘साल अज्ञात’ असंच लिहा. तीन प्रती करा. एक संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. पेनड्राइव्ह ही देण्याघेण्याची वस्तू आहे, ठेवण्याची नाही. वर्षातून एकदा, पुण्यतिथीलाच, तिन्ही प्रती उघडून बघा. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर आवाजाचा दर्जा उतरू शकतो. मूळ कॅसेटी फेकू नका.

सगळ्यांसाठी खुलं टाकायच्या आधी एक लक्षात घ्या. फितीत आजोबा एकटे नाहीत. पखवाजी आहे, टाळकरी आहेत, कुणाचा तरी वडील त्यात कोरसमध्ये आहे. त्यांच्या घरी आधी प्रत द्या आणि विचारा. काही घरांत त्या माणसाचा आवाज दुसरीकडे कुठेच उरलेला नसेल.

काकांच्या स्मरणिकेला विरोध करू नका, तिचं पोट बदला. पानभर विशेषणं आणि मान्यवरांचे संदेश यापेक्षा १६ पानं पुरेत : आजोबांच्या २० आवडत्या अभंगांची यादी, प्रत्येकापुढे चाल आणि पट्टी, वहीच्या चार पानांची चित्रं, आजीच्या तोंडची तीन पानं तिच्याच बोलीत, आणि त्यांच्याकडून शिकलेल्यांची नावं. मृत्यूची तिथी आणि तारीख दोन्ही छापा. तिथी इंग्रजी तारखेच्या मानाने दर वर्षी साधारण ११ दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुढे उडी मारते. नुसती तारीख ठेवली तर पुढच्या पिढीत पुण्यतिथीवरून वाद होतो.

अधिकाराचं विचारलंत. आजोबांची श्रद्धा तुम्ही शब्दांत मांडायला गेलात तर ती उसनी वाटेल, म्हणून ते करूच नका. त्यांनी काय केलं ते लिहा. हरिपाठाचे २७ अभंग रोज कुठे बसून म्हणायचे, पाठ की वही धरून, आजारपणात नेम कसा चालला, कुठली एकादशी मोडली आणि का, गळ्यातली माळ कुणाच्या हातून घेतली. वारकऱ्याची श्रद्धा पायांत, गळ्यात आणि घड्याळात असते. ती पाहणाऱ्याला लिहिता येते, आणि लिहिण्यासाठी आधी माळकरी व्हावं लागत नाही. उलट बाहेरच्या माणसाला जे प्रश्न पडतात ते घरच्या भक्ताला पडतच नाहीत. तुम्ही ‘हे असं का?’ विचाराल तेव्हा मंडळींनाही पहिल्यांदाच सांगावं लागेल. एकच पथ्य पाळा. जिथे कळलं नाही तिथे आपल्या मनचा अर्थ घालू नका, सांगणाऱ्याचे शब्द तसेच्या तसे ठेवा.

वर्षश्राद्धाच्या भजनात आजोबांचं रेकॉर्डिंग भोंग्यावर तासभर लावून ठेवू नका. वीस मिनिटांत लोक गप्पा मारू लागतात, आणि जिवंत माणसं फितीबरोबर गायला गेली की पट्टी जुळत नाही, ताल मागेपुढे होतो आणि रसभंग होतो. एकच अभंग निवडा, आवाज स्वच्छ आणि चाल त्यांची स्वतःची असलेला. वेग दुरुस्त केलेली प्रत घ्या. सुरुवातीच्या रूपाच्या (विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणाऱ्या) अभंगानंतर, सगळे बसलेले असताना, ती एकदा वाजवा आणि बंद करा. मग त्याच पट्टीत, त्याच चालीत मंडळाने तो अभंग पुढे घ्यावा. यासाठी पेटी तोवर दुरुस्त होऊन आलेली हवी, म्हणजे कारागिराकडे ती अश्विनातच जायला हवी. पट्टी कोणी धरायची, चाल कोणी उचलायची आणि पखवाज कोणत्या ठोक्याला घ्यायचा हे आदल्या एकादशीच्या बैठकीत ठरवून एकदा म्हणून बघा. आणि आजीची जागा पेटीशेजारी ठेवा. माईकपासून जरा लांब, म्हणजे तिने मध्येच ओळ धरली तरी ती तिला कुणाला ऐकवण्यासाठी म्हणावी लागणार नाही.